र्‍यू त्रान्सनोनॅं, १५ एप्रिल १८३४ (शिळाछाप चित्र)

'र्‍यू त्रान्सनोनॅं, १५ एप्रिल १८३४' हे फ्रेंच चित्रकार, शिल्पकार व व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए (२६ फेब्रुवारी १८०८ – १० फेब्रुवारी १८७९) याचे शिळाछाप चित्र आहे. 'र्‍यू' म्हणजे रस्ता किंवा गल्ली. पॅरिसमधील त्रान्सनोनॅं नावाच्या गल्लीत १२ क्रमांकाच्या घरात सरकारी सैनिकांनी निःशस्त्र रहिवाशांची हत्या केली, तो या चित्राचा विषय होय. चित्रभाग सुमारे २८.५ सेंटिमीटर उंच व ४४ सेंटिमीटर रुंद आहे. शार्ल फिलिपाँ या प्रकाशकाच्या 'लासोसिआसिओं मांस्युएल' (मासिक सहकार) या चित्रमालिकेतील हा चोविसावा आणि अखेरचा छाप असून त्यावर जुलै १८३४ हा महिना आहे.

दोमिएने आयुष्यात सुमारे चार हजार शिळाछाप चित्रे काढली. त्यांपैकी बहुसंख्य चित्रे विनोदी किंवा उपहासात्मक आहेत. प्रस्तुत चित्रात मात्र उपहासाचा लवलेशही नाही. त्यात राजा नाही, मंत्री नाही, सैनिक नाही, बंदूकही नाही. एक खोली आहे आणि चार मृतदेह आहेत. एकोणिसाव्या शतकातील राजकीय चित्रांत या चित्राला जे स्थान मिळाले, ते त्यात काय दाखवले आहे याइतकेच काय वगळले आहे यामुळेही मिळाले आहे.

पार्श्वभूमी

२७ ते २९ जुलै १८३० या तीन दिवसांच्या उठावाने फ्रान्सचा बूर्बों राजा दहावा चार्ल्स पदच्युत झाला व ऑर्लेआँ घराण्याचा लुई-फिलिप गादीवर आला. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी हे त्या उठावाचे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे नव्या सनदेने सेन्सॉर पुन्हा कधीही आणला जाणार नाही, असे स्पष्ट वचन दिले. राजा स्वतःला 'फ्रेंचांचा राजा' म्हणवीत असे. छत्री घेऊन रस्त्याने पायी फिरणारा साधा गृहस्थ अशी त्याची प्रतिमा रंगविण्यात आली. प्रत्यक्षात सत्ता बँकवाले, मोठे व्यापारी व जमीनदार यांच्या हाती राहिली. तीन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात मतदानाचा हक्क दोन लाखांहूनही कमी लोकांना होता. ज्या कारागिरांनी जुलैत रस्त्यांवर अडथळे रचून रक्त सांडले होते, त्यांच्या पदरात काहीच पडले नाही.

हा अपेक्षाभंग फिलिपाँच्या नियतकालिकांत उमटू लागला. त्याने नोव्हेंबर १८३० मध्ये 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक व डिसेंबर १८३२ मध्ये 'ल शारिवारी' हे दैनिक सुरू केले. (लंडनच्या 'पंच' या साप्ताहिकाने १८४१ मध्ये आपल्या नावाखाली 'लंडनचे शारिवारी' असे उपनाव घेतले, ते याच दैनिकावरून. मुंबईच्या 'हिंदी पंच'चे नाव त्या 'पंच'वरून आले, हे लक्षात घेतले म्हणजे हा वारसा आपल्या दारापर्यंत कसा पोहोचला हे कळते.) राजाचे गोबरे डोके पेरूसारखे नव्हे, तर नासपतीसारखे दिसते, ही कल्पना फिलिपाँचीच. राजाच्या चेहऱ्याची क्रमाक्रमाने नासपती कशी होते हे त्याने न्यायालयातच चार रेखाटनांनी दाखवून दिले. त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर मुले नासपती काढीत फिरू लागली. दोमिए हा त्याच्याच गोटातला तरुण. डिसेंबर १८३१ मधील 'गार्गांत्युआ' या चित्रात त्याने गोरगरिबांचा पैसा गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात राजाला दाखविले. त्याबद्दल त्याला सहा महिने कैदेची शिक्षा झाली व १८३२ च्या ऑगस्टअखेरीपासून त्याने ती भोगली.

सनदेने छपाईपूर्वीची तपासणी रद्द केली होती, छपाईनंतरचे खटले नव्हे. खटल्यांमागून खटले व दंडांमागून दंड यांनी फिलिपाँ जेरीस आला. हे दंड भरता यावेत यासाठी त्याने ऑगस्ट १८३२ मध्ये 'लासोसिआसिओं मांस्युएल' ही योजना काढली. वर्गणीदारांना दरमहा मोठ्या आकाराचे, चांगल्या कागदावर छापलेले एक चित्र मिळे व वर्गणीची रक्कम दंडाच्या निधीत जाई. सरकारने आकारलेल्या दंडाच्या पोटीच सरकारविरोधी चित्रांची ही मालिका जन्माला आली, असे म्हणावयास हरकत नाही.

एप्रिल १८३४ चा उठाव

मजूर व प्रजासत्ताकवादी यांच्या संघटना सरकारला खुपत होत्या. वीसहून अधिक सभासदांच्या संघटनेस परवानगी लागे, म्हणून या संघटना वीसहून कमी सभासदांच्या शाखांत विभागलेल्या असत. ही पळवाट बंद करणारा कायदा एप्रिल १८३४ मध्ये संमत झाला. लियोंच्या रेशीम विणकरांनी ९ एप्रिलपासून उठाव केला. तो लष्कराने काही दिवसांत मोडून काढला व त्यात दोन्ही बाजूंची शेकडो माणसे मारली गेली. लियोंमध्ये बंडवाल्यांचा जय होत आहे अशा अफवा पॅरिसमध्ये पोहोचल्या. गृहमंत्री आदोल्फ तिएर याने 'मानवी हक्क संघा'च्या पुढाऱ्यांना आधीच अटक केली होती. तरीही १३ एप्रिलच्या सायंकाळी मारे भागातील अरुंद गल्ल्यांत अडथळे उभे राहिले. बंडवाल्यांची संख्या थोडी होती आणि सैन्य प्रचंड होते. उठाव रातोरात निष्प्रभ झाला.

त्रान्सनोनॅं व मोंमोरांसी या गल्ल्यांच्या कोपऱ्यावरचे १२ क्रमांकाचे घर हे कारागीर व लहान व्यावसायिक यांनी भरलेले, अनेक मजल्यांचे घर होते. पहाटे ३५ व्या पायदळ पलटणीच्या तुकड्या तेथील अडथळा काढीत असताना त्यांचा एक अधिकारी गोळी लागून जखमी झाला. गोळी या घरातून आली असे मानून सैनिक आत शिरले व जिना चढत मजल्यामागून मजल्यावर जाऊन त्यांनी समोर येईल त्याला संगिनीने भोसकले किंवा गोळी घातली. बारा रहिवासी मारले गेले, कित्येक जखमी झाले. अनेकजण झोपेतून उठून आले होते.

वाचलेल्या रहिवाशांच्या व शेजाऱ्यांच्या साक्षी आलेक्सांद्र लेद्रू-रोलॅं या तरुण वकिलाने गोळा केल्या आणि त्याच वर्षी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. हाच लेद्रू-रोलॅं १८४८ च्या हंगामी सरकारात गृहमंत्री झाला व त्या सरकारने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. घटनेबद्दल मात्र कोणाही सैनिकाला वा अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. उलट उठावात पकडलेल्यांवर वरिष्ठ सभागृहापुढे खटला चालला. आरोपींच्या संख्येमुळे तो 'राक्षसी खटला' या नावाने ओळखला जातो.

चित्रातील दृश्य

खोली साधी आहे. मध्यभागी विस्कटलेला पलंग असून त्यावरची चादर व अंथरूण खाली ओढले गेले आहे. पलंगाला टेकून, अर्धवट बसल्यासारखा व अर्धवट कोसळलेला, एक पुरुष पडला आहे. त्याच्या अंगात झोपण्याचा पांढरा सदरा व डोक्यावर रात्री घालावयाची सुती टोपी आहे. सदरा वर सरकला असून उघडे पाय पाहणाऱ्याच्या दिशेने पसरले आहेत. ही आकृती अशा कोनातून काढली आहे की पाय जवळ व मस्तक दूर, अशी ती आपल्या समोर येते. जणू आपण नुकतेच दार ढकलून आत आलो आहोत आणि पाऊल पुढे टाकले तर ते याच्या अंगावर पडेल.

पहिल्या दृष्टिक्षेपात एवढेच दिसते. त्यानंतर लक्षात येते की त्या पुरुषाच्या देहाखाली काहीतरी आहे. ते एक लहान मूल आहे. बापाच्या भाराखाली ते चेंगरले असून त्याच्या डोक्यातून रक्त वाहून फरशीवर आले आहे. बापाने मुलाला पोटाशी धरले होते व तो त्याच्यासह कोसळला, की मूल आधी मारले गेले, याचा निर्णय चित्र देत नाही. मूल दिसण्यास लागणारा हा क्षणाचा विलंब दोमिएने हेतुतः योजला असावा. कारण त्यामुळे पाहणारा तटस्थ राहू शकत नाही, त्याला शोधावे लागते आणि जे सापडते ते सहन करावे लागते.

डाव्या बाजूच्या अंधारात एका स्त्रीचा मृतदेह आहे. तो सावलीत इतका बुडाला आहे की फिकट छापात चटकन ओळखूही येत नाही. उजव्या कडेला एका वृद्धाचे मस्तक व खांद्याचा थोडा भाग दिसतो. बाकीचा देह चित्राच्या चौकटीबाहेर राहिला आहे. चौकटीने त्याला असे कापले असल्यामुळे बाहेरही अशीच प्रेते पडली असतील, हा जिना, हे घर, कदाचित ही सगळी गल्लीच अशी असेल, अशी जाणीव होते. वृद्ध, स्त्री, पुरुष व मूल अशा या चार आकृतींत एका कुटुंबाच्या तीन पिढ्या पाहण्याची प्रथा समीक्षकांत आहे. एक खुर्ची उलटली आहे. झटापटीची खूण म्हणावी तर एवढीच.

मृतांची खरी संख्या बारा होती आणि ते घराच्या निरनिराळ्या मजल्यांवर मारले गेले होते. दोमिएने चार आकृतींत ही घटना एकवटली. म्हणून हे चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. पंचनाम्याचा संयम धारण केलेली ती रचना आहे. शीर्षकही याच वृत्तीचे आहे: केवळ गल्लीचे नाव व तारीख. एखाद्या दफ्तरातील नोंदीवर असते तितकेच. त्यात 'हत्याकांड' हा शब्द नाही, कोणाचा धिक्कार नाही. १८३४ सालच्या पॅरिसकरास त्याहून अधिक सांगण्याची आवश्यकताही नव्हती.

या चित्राला 'नाट्यमय' म्हटले जाते ते योग्यच आहे. परंतु हे नाट्य कृतीचे नाही. सैनिक दार फोडत आहेत, आई हंबरडा फोडत आहे, संगीन छातीत शिरत आहे, अशी दृश्ये रंगविण्याची त्या काळात रूढी होती आणि चित्रकाराला ते सहज जमले असते. त्याने सर्व कृती संपल्यानंतरचा क्षण निवडला. मारेकरी निघून गेले आहेत, उजाडते आहे, आणि खोलीत कोणी जिवंत उरलेले नाही. विरोधकांच्या चित्रांना सरकार 'अतिशयोक्ती' म्हणत असे. येथे अतिशयोक्ती म्हणून बोट ठेवावे असे काहीच सापडत नाही.

त्याच मालिकेतील काही महिन्यांपूर्वीचे दोमिएचे चित्र शेजारी ठेवून पाहिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जानेवारी १८३४ च्या 'ल व्हांत्र लेजिस्लातीफ' (कायदेमंडळाचे पोट) या चित्रात सरकारपक्षाचे सभासद अर्धवर्तुळाकार बाकांवर दाटीवाटीने बसले आहेत: सुस्त, ढेरपोटे, कोणी पेंगणारे, कोणी कुजबुजणारे. सगळा कागद माणसांनी भरलेला आहे. त्यानंतर एप्रिलमध्ये संघटनांविरुद्धचा कायदा झाला, आणि जुलैच्या छापात ही निःशब्द खोली आली. मार्चमधील चित्रात बाह्या सारलेला, मुठी आवळलेला मुद्रक छपाई-स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी पाय रोवून उभा होता. मेच्या चित्रात लाफायेतच्या अंत्ययात्रेवर लबाडीने शोक करणारा राजा होता. एकाच चित्रकाराचे हे सहा महिने म्हणजे त्या वर्षाच्या फ्रान्सचा इतिहासच होय.

शिळाछापाचे तंत्र

शिळामुद्रणाचा शोध आलोइस सेनेफेल्डर याने बव्हेरियात १८ व्या शतकाच्या अगदी शेवटी लावला. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याचे तत्त्व. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात. डिंक व सौम्य आम्ल यांचे मिश्रण लावून ते पक्के करतात. मग शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवितात. ओल्या भागाला शाई चिकटत नाही, रेषांना चिकटते. वर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की उलटे प्रतिबिंब उमटते.

लाकडी ठसा किंवा ताम्रपट कोरण्यास कुशल कोरक्या व बराच अवधी लागे. शिळेवर मात्र चित्रकार कागदावर काढतो तसेच थेट काढू शकतो, आणि थोड्याच दिवसांत शेकडो प्रती बाजारात येतात. राजकीय चित्राला जी तातडी हवी असते ती या तंत्राने दिली. प्रस्तुत चित्रात खडूच्या तंत्राची आणखी एक देणगी दिसते, ती म्हणजे राखाडी छटांची श्रीमंती. शिळेच्या बारीक कणीदार पृष्ठभागावर खडू कमीअधिक दाबून दोमिएने गाढ काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत सर्व पायऱ्या साधल्या आहेत. सदऱ्याचा व चादरीचा पांढरा रंग म्हणजे जवळजवळ कोरा कागदच. त्यामुळे नजर प्रथम मधल्या पुरुषावर जाते व तेथून हळूहळू अंधारात उतरते.

मराठी वाचकांना हे तंत्र अपरिचित नाही. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले, ते शिळाछापावरच. म्हणजे दोमिए 'गार्गांत्युआ' शिळेवर काढीत होता त्याच वर्षी. जुन्या घरांतील शिळाछाप पोथ्या आणि पुढे चित्रशाळा व रविवर्मा छापखाना यांची देवादिकांची रंगीत चित्रे हीदेखील याच तंत्राची अपत्ये होत.

प्रकाशन व जप्ती

फिलिपाँची चित्रे त्याचा मेव्हणा ओबेर याच्या दुकानात विकली जात. व्हेरो-दोदा या छत असलेल्या बाजारगल्लीतील या दुकानाच्या काचेत नवे चित्र लागले की ते पाहण्यास गर्दी लोटे. चित्र विकत घेणे ज्यांना परवडत नसे आणि ज्यांना वाचताही येत नसे, तेही या गर्दीत असत. वर्गणीदारांची संख्या मर्यादित असली तरी चित्राचा प्रेक्षक त्याहून फार मोठा होता, आणि सरकारची खरी चिंता तीच होती.

'त्रान्सनोनॅं' काचेत लागल्यावर तेथे गर्दी उसळली. पोलिसांनी मिळतील त्या प्रती हस्तगत करून नष्ट केल्या व शिळाही ताब्यात घेतली. ज्या प्रती आधीच वर्गणीदारांकडे वा ग्राहकांकडे पोहोचल्या होत्या त्याच उरल्या. दोमिएवर या चित्राबद्दल खटला झाला नाही. 'गार्गांत्युआ'साठी भोगलेली कैद हीच त्याची एकमेव कैद ठरली. खटला भरावयाचा तर चित्रात खोटे काय आहे ते सरकारला सांगावे लागले असते, आणि सांगण्यासारखे काही नव्हते.

फिलिपाँने 'ला कारिकात्यूर'मध्ये या चित्रावर लिहिताना, हे पाहण्यास भयंकर आहे, कारण मूळ घटनाच तशी आहे, असे म्हटले. हे व्यंगचित्र नव्हे, भडकपणा नव्हे. आपल्या अर्वाचीन इतिहासाचे रक्ताने माखलेले पान आहे, असा त्याचा आशय होता. नासपतीचा जनक असलेल्या माणसाने असे लिहावे यात त्या मताचे वजन आहे.

सप्टेंबरचे कायदे

२८ जुलै १८३५ रोजी फिएस्की नावाच्या कॉर्सिकन माणसाने अनेक नळ्यांच्या यंत्रबंदुकीने लुई-फिलिपच्या मिरवणुकीवर गोळीबार केला. राजा बचावला, पण अठरा माणसे मरण पावली. याचे निमित्त करून सप्टेंबर १८३५ मध्ये जे कायदे संमत झाले त्यांनी चित्रे, पदके व नाटके यांच्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली.

सनदेत सेन्सॉर न आणण्याचे वचन असताना हे कसे शक्य झाले? सरकारपक्षाचा युक्तिवाद असा होता: सनदेने मते प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे; परंतु मत जेव्हा चित्राच्या रूपाने डोळ्यांना जाऊन भिडते तेव्हा ते केवळ मत राहत नाही, ती कृतीची चिथावणी होते. छापील शब्द आणि छापील चित्र यांत कायद्याने असा भेद करणे ही चित्राच्या सामर्थ्याची, शत्रूने दिलेली, पावतीच होती. 'त्रान्सनोनॅं'चे उदाहरण आठवले म्हणजे ही भीती कोठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो.

कायदा येत आहे हे ओळखून फिलिपाँने ऑगस्ट १८३५ अखेर 'ला कारिकात्यूर' बंद केले. शेवटच्या अंकात दोमिएचे जे चित्र आहे त्यात जुलै क्रांतीत मेलेली माणसे थडग्यांतून उठून आजूबाजूला चाललेला गोळीबार पाहतात, आणि यासाठी का आम्ही मेलो, असा प्रश्न करतात. त्यानंतर तेरा वर्षे दोमिए राजकारणाकडून समाजजीवनाकडे वळला. वकील, डॉक्टर, घरमालक, नाटकवेडे आणि रोबेर माकेर नावाचा अट्टल भामटा हे 'ल शारिवारी'तील त्याचे नवे नायक झाले. उपहास बोथट झाला नाही, फक्त त्याला पत्ता बदलावा लागला.

स्वच्छंदतावादी चित्रकलेशी नाते

१८२० व १८३० च्या दशकांत फ्रेंच चित्रकलेत स्वच्छंदतावादाचा प्रभाव होता. तेओदोर जेरिकोने 'मेद्युजाचा तराफा' (१८१९) या भव्य चित्रात समकालीन दुर्घटनेला महाकाव्याचा आकार दिला व त्यातून सरकारी बेपर्वाईवर बोट ठेवले. य्युजेन देलाक्र्वाच्या 'जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता' (१८३०) या चित्राच्या पुढील भागात, डाव्या कोपऱ्यात, एक मृत पुरुष पडलेला आहे. त्याच्या अंगात झोपण्याचा सदरा असून कमरेखालचे अंग उघडे आहे. त्याला घरातून ओढून मारले असावे असा अर्थ लावला जातो. दोमिएच्या मृताचे याच्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. देलाक्र्वाचे चित्र १८३१ च्या प्रदर्शनात झळकले होते.

साम्याहून भेद अधिक बोलका आहे. देलाक्र्वाच्या चित्रात प्रेतांवरून ध्वज घेतलेली देवता पुढे येत आहे. त्या मृत्यूला अर्थ आहे, दिशा आहे. चार वर्षांनंतरच्या दोमिएकडे तसाच सदरा घातलेला तसाच मृत माणूस आहे, परंतु देवता गायब आहे. सरकारने विकत घेतलेले देलाक्र्वाचे चित्रही तोवर लोकांच्या नजरेआड गेले होते, हा योगायोग मार्मिक आहे.

गोयाच्या '३ मे १८०८' या चित्राशी व 'युद्धाचे अनर्थ' या मुद्राचित्रमालेशी केली जाणारी तुलना भावदृष्ट्या रास्त असली, तरी तिच्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढू नये. 'युद्धाचे अनर्थ' ही माला प्रथम प्रसिद्ध झाली ती १८६३ मध्ये. जमिनीवर पडलेल्या, पाय पुढे असलेल्या देहाच्या रचनेत ख्रिस्ताच्या मृतदेहाच्या जुन्या धार्मिक चित्रांचे स्मरण होते, हे मत मात्र पटण्यासारखे आहे. दोमिएने वधस्तंभावरून उतरविलेल्या देवपुत्राची जागा सुती टोपी घातलेल्या एका सामान्य कामकऱ्याला दिली.

कवी शार्ल बोदलेर याने फ्रेंच व्यंगचित्रकारांवरील आपल्या १८५७ मधील निबंधात या चित्राची विस्ताराने दखल घेतली. हे खरे पाहता व्यंगचित्र नसून इतिहास आहे, असे त्याने म्हटले आणि त्या गरीब, ओक्याबोक्या खोलीतील शांततेचे वर्णन केले. चित्राला पुढे जी कीर्ती मिळाली तीत या निबंधाचा वाटा मोठा आहे.

उत्तरकाल

'त्रान्सनोनॅंचा खाटीक' ही शिवी लोकांनी जनरल ब्युजो याला चिकटविली. वस्तुतः तो त्या दिवशी पॅरिसमधील निराळ्या तुकडीचा प्रमुख होता व ते घर त्याच्या हद्दीत नव्हते. पुढे अल्जीरियाचा गव्हर्नर-जनरल व फ्रान्सचा मार्शल होऊनही ही शिवी त्याला सुटली नाही. तिएरचे नाव १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या रक्तरंजित बीमोडाशी पुन्हा जोडले गेले. गुस्ताव्ह फ्लोबेरच्या 'भावनांचे शिक्षण' (१८६९) या कादंबरीत द्युसार्दिए हे पात्र आपल्या प्रजासत्ताकनिष्ठेचे मूळ म्हणून याच गल्लीतील आठवण सांगते. पस्तीस वर्षांनंतरही कादंबरीकाराला केवळ गल्लीचे नाव घेणे पुरेसे वाटले.

दोमिए स्वतः वृद्धापकाळी या विषयाकडे एकदा वळला. जानेवारी १८७१ मध्ये, पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला असताना, त्याने नववर्षाला आच्छादनात गुरफटलेल्या स्त्रीच्या रूपात काढले. प्रेतांनी भरलेले मैदान पाहून तिने तोंड झाकून घेतले आहे आणि आपल्याला मिळालेल्या वारशाने ती भयभीत झाली आहे. तेथे प्रेतांची संख्या मोजता येत नाही; १८३४ च्या खोलीत ती चार होती.

नष्ट करण्याच्या प्रयत्नांतून वाचलेल्या प्रती आज फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी इत्यादी संग्रहांत आहेत. लोइस देल्तेय याच्या दोमिए-सूचीत या चित्राचा क्रमांक १३५ आहे. त्रान्सनोनॅं गल्ली १८५१ मध्ये बोबूर रस्त्यात विलीन करण्यात आली व तिचे नाव पॅरिसच्या नकाशावरून गेले.